पंगतीबाहेरचा कवी

संत्रं सोलताना जिभेच्या आधी नाक जागं होतं. सालीतून बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला तर चुरचुरतो, बोटं पिवळी होतात, आणि फोड तोंडात जाईपर्यंत निम्मं संत्रं खाऊन झाल्यासारखं वाटतं. पांढुर्णा-सौंसरकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. मृग बहार असो की आंबिया, घरात टोपली आली की दोन दिवस घर घमघमतं. तरी इथूनच सुरुवात केली, कारण मंडळाच्या मागच्या बैठकीचा विषय होता कवितेतली चव आणि इंद्रियं, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक कवी आणायचा होता. कोणी बालकवी आणले, कोणी बोरकर, कोणी मर्ढेकर, एकाने तर कीट्स. मी ज्ञानेश्वर म्हटलं तर दोघं-तिघं हसले. संत माणूस तो, त्याला जिभेचं काय कौतुक, असा एकूण भाव होता. तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

उत्तर ज्ञानदेवांच्या आयुष्यातच आहे असं मला वाटतं. त्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून आणि नंतरच्या परंपरेतून आलेलं आहे. त्यामुळे आख्यायिका कुठे सुरू होते ते मी जमेल तिथे सांगत जाईन.

गोदावरीच्या काठी, पैठणच्या जवळ आपेगाव नावाचं गाव आहे. तिथल्या कुलकर्णी घराण्यातले विठ्ठलपंत. त्यांचं लग्न आळंदीच्या सिधोपंतांच्या मुलीशी, रुक्मिणीशी झालं. विठ्ठलपंतांचं मन संसारात रमत नव्हतं. ते काशीला गेले आणि घरी बायको आहे हे न सांगता संन्यास घेऊन बसले. पुढे गुरूंना खरा प्रकार कळला आणि त्यांनी परत जाऊन संसार कर अशी आज्ञा केली. आज्ञेप्रमाणे ते आळंदीला आले. पण संन्याशाने पुन्हा गृहस्थ व्हायचं, हे त्या वेळच्या धर्मशास्त्रात बसणारं नव्हतं. गावच्या ब्रह्मवृंदाने सगळ्या घराला वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुलं त्या वाळीत टाकलेल्या घरात जन्मली आणि वाढली. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ म्हणजे इ.स. १२७५ चा धरतात. शके ११९३ मानणारेही अभ्यासक आहेत.

वाळीत टाकणं हा शब्द आपल्याला आता समाजशास्त्राच्या पुस्तकात सामाजिक बहिष्कार म्हणून भेटतो आणि तिथे तो फार कोरडा वाटतो. रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ जेवणाशी येऊन थांबतो. तुमच्या घरी कोणी जेवायला येत नाही आणि तुम्हाला कोणी बोलवत नाही. मुलगा माधुकरी मागायला गेला तर दारं लागतात. मुंज होत नाही, लग्न जमत नाही, कारण या दोन्हींत पंगत आलीच. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून रोटी-बेटीचा व्यवहार म्हणतात. त्यात रोटी आधी येते, हे मी पूर्वी कधी लक्षात घेतलं नव्हतं. पंगतीत आपलं पान मांडलं जातं की नाही यावरून माणूस गावात आहे की गावाबाहेर ते ठरतं.

पुढे प्रायश्चित्त म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी प्रयागला देहत्याग केला असं परंपरा सांगते. मुलं लहान होती. आई-वडिलांनी जीव दिल्यावरही पानं मांडली गेली नाहीत. मुलांना शुद्धिपत्र आणायला सांगण्यात आलं.

या काळातल्या दोन गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत आणि दोन्ही आख्यायिकाच आहेत. पहिली ताटीची. भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कोणी तरी अपमान केला. ते झोपडीत आले, ताटी म्हणजे दाराची झाप आतून लावून घेतली आणि बसले. मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांची समजूत काढली. तिच्या नावावरचे ताटीचे अभंग ते हेच. दुसरी गोष्ट मांड्यांची. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली. विसोबा नावाच्या गृहस्थाने कुंभारांना दटावून ठेवलं होतं, तिला कोणी खापर देईना. ती रडत घरी आली तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. हे पाहून विसोबा शरण आला आणि तोच पुढे नामदेवांचा गुरू विसोबा खेचर झाला, असंही सांगतात.

पाठीवर पोळी भाजते का, हा प्रश्न मला इथे महत्त्वाचा वाटत नाही. नागपूरकडे उलट्या माठावर लांब पोळ्या टाकतात, लग्नकार्यात तुम्ही पाहिल्या असतील. बाई पातळ कणीक दोन्ही हातांवर ताणत नेते आणि तापलेल्या माठावर सोडते. माठ नसेल तर ती पोळी होतच नाही, तव्यावर तिचं काम नाही. मुक्ताईकडे पीठ होतं, हात होते, खाणारे तीन भाऊ होते. अडवलं गेलं ते मातीचं एक भांडं. लोकांनी ज्ञानदेवांच्या छळाची गोष्ट सांगायला सातशे वर्षांत दुसरं काहीही निवडलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी स्वयंपाकघरात अडवलेलं खापर निवडलं. तो छळ कुठे बोचत होता हे सांगणाऱ्यांना चांगलं ठाऊक असावं.

शुद्धिपत्रासाठी मुलं पैठणला गेली. तिथली रेड्याची कथा सर्वांना पाठ आहे, ती सोडून पुढे जातो. निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली होती आणि ज्ञानदेवांचे गुरू त्यांचे हेच थोरले भाऊ. पैठणहून भावंडं नेवाशाला आली. हे गाव प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली असं मानतात तो पैस खांब तिथे आजही आहे. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ग्रंथ पुरा झाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९०. गीतेचे ७०० श्लोक, त्यांवर सुमारे ९००० ओव्या. सांगणाऱ्याचं वय पंधरा, फार तर एकोणीस. आपल्या बी.ए. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसला असता.

त्या वेळी देवगिरीला रामदेवराव यादवाचं राज्य होतं. त्याच दरबारातला मोठा अधिकारी हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी हा अवाढव्य संस्कृत ग्रंथ रचलेला होता. त्यात एक खंड व्रतांचा आणि एक दानांचा. कोणत्या तिथीला काय करावं, काय द्यावं, कोणाला द्यावं, यांची तिथे रीघ लागलेली आहे. त्याच काळात आपल्या बाजूला, वऱ्हाडातल्या रिद्धपुरात, महानुभाव मंडळी चक्रधरांच्या आठवणी साध्या मराठी गद्यात गोळा करत होती. म्हणजे मराठीत बोलायचं धाडस करणारे ज्ञानदेव एकटे नव्हते. पण आपली भाषा खाऊन पाहा असं श्रोत्यांना सांगणारे तेच.

ही जागा सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. अध्याय ध्यानयोगाचा. इंद्रियं आवरून आसनावर बसायचं कसं, ते यात सांगायचं आहे. आणि तिथे शिरायच्या आधी हा मुलगा सगळ्या इंद्रियांना जेवायला बोलावतो. तो सांगतो की आपली मराठी अमृताशीही पैज मारील अशी रसाळ अक्षरं मी जुळवीन. त्यांचा कोवळेपणा असा की त्यापुढे संगीतातले रंग फिके वाटावेत आणि सुगंधाचा तोरा उतरावा. त्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील. मग इंद्रियांत भांडण लागतं. शब्द हा खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते की ही चव माझी. नाकाला वाटतं की हा वास आपलाच. डोळ्यांना ओळींची वळणं पाहून वाटतं की रूपाची खाण उघडली. वाक्य पुरं उभं राहिलं की मनच बाहेर धावतं आणि बाहू त्या शब्दाला मिठी मारायला पुढे होतात. असं सगळ्यांचं ओढाताणीचं चाललेलं असताना शब्द मात्र प्रत्येकाची समजूत घालतो, एकटा सूर्य साऱ्या जगाला उठवतो तसा.

आता हे संत्र्याशी ताडून पाहा. एका इंद्रियाचा विषय दुसऱ्याने हिसकावून घ्यायचा, ही युक्ती आधुनिक कवितेत दिसली की आपण तिच्यावर टिपणं काढतो. तेराव्या शतकातला हा मुलगा ती नुसती वापरत नाही, तिचं नाटकच उभं करतो. इंद्रियांना बोलायला लावतो, भांडायला लावतो. त्यात घरातल्या मुलांच्या भांडणाचा सूर आहे, हे माझं, नाही हे माझं. चार भावंडांच्या घरात तो सूर नवा नसणार.

रसाची कल्पना त्यांनी शोधली नाही, हेही सांगायला हवं. काव्यात रस असतो असं आपण परीक्षेत लिहितो तेव्हा तो शब्द मुळात जिभेचा आहे हे विसरतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाचाच दाखला दिला आहे: नाना मसाल्यांनी सिद्ध झालेलं अन्न जेवताना रसिक माणसाला जसा आस्वाद येतो तसा प्रेक्षकाला भावांचा येतो. शब्द खाण्याची कल्पना इतरत्रही आहे. आपल्या कॉलेजातल्या ज्यांनी जुना करार वाचला असेल त्यांना यहेज्केल संदेष्टा आठवेल. त्याला लिहिलेली गुंडाळी खायला सांगितली जाते आणि ती तोंडात मधासारखी गोड लागते. मात्र यहेज्केल एकटा खातो. भरताचा प्रेक्षकही आपल्या जागी बसून आस्वाद घेतो. ज्ञानदेव त्यापुढे जे करतात ते मला या दोघांकडे दिसलं नाही. इंद्रियांचं भांडण मिटल्यावर ते म्हणतात की या शब्दांची ताटं मी मांडली आहेत, वर मोक्षाचा रस वाढला आहे आणि निष्काम माणसांसाठी हा पाहुणचार केला आहे.

ज्याच्या घराला पंगतीत जागा नव्हती तो इथे यजमान होऊन वाढतोय. हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसलो होतो. त्यात सूड कुठे नाही, टोमणा नाही. कोणी मला जेवायला बोलावलं नाही याचा उल्लेख पूर्ण ग्रंथात मला सापडला नाही. त्यांनी पानं मांडली, एवढंच. आणि मांडली ती अशा भाषेत की ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नव्हता ते बायका-शूद्र त्या पंगतीत आपोआप आले. भाषा ही सोवळ्याची वस्तू असण्याच्या काळात.

इथे थोडं आमच्या गावाकडचं सांगतो. १९५६ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशाची फाळणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातले सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. आता २०२३ पासून पांढुर्णा वेगळा जिल्हा आहे. माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी होती ती घरात, बाजारात, आणि संध्याकाळी आजी जो हरिपाठ म्हणायची त्यात. आमचं बोलणं काही पुस्तकी नाही. येऊन राहिलो, करून राहिला असं आम्ही बोलतो, त्यात हिंदीही मिसळते. एका मोठ्या शहरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलो होतो, तिथे एका परीक्षकांनी व्यासपीठावरून माझ्या मराठीची नक्कल केली आणि सभागृह हसलं. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून वर्षभर मी बैठकीत तोंड उघडलं नाही. माझं एक वर्ष गेलं, ज्ञानदेवांच्या ताटीची बरोबरी मी करत नाही. पण अमृताशी पैज मारायची प्रतिज्ञा त्यांनी केली ती राजदरबारातल्या मान्य भाषेबद्दल नव्हती, घरात आणि शेतात बोलल्या जाणाऱ्या भाषेबद्दल होती, हे वाचल्यावर मी परत बोलायला लागलो.

आता हसणाऱ्या मित्रांचा मुद्दा. ताटं मांडून झाल्यावर लगेच पुढच्या ओवीत ज्ञानदेव एक अट घालतात. आत्म्याचा उजेड समईसारखा लावायचा आणि इंद्रियांना पत्ता न लागू देता जो जेवील त्यालाच हे मिळेल. इतकंच काय, ऐकणाऱ्याने कानाचीही गरज न ठेवता ऐकावं. म्हणजे ज्या इंद्रियांना आत्ताच आमंत्रण दिलं त्यांना चुकवून जेवायचं! याला काय म्हणायचं? एक उत्तर असं की चव आणि वास हे नुसतं आमिष होतं, खरा माल वेगळाच. हे उत्तर मला पटत नाही. आमिषच असतं तर त्यावर इतक्या ओव्या आणि इतका जीव खर्च झाला नसता. शिवाय चोरून जेवणं ही प्रतिमाच घ्या. घरातली सगळी झोपल्यावर दिव्याच्या उजेडात गुपचूप फडताळ उघडणाऱ्या पोराची ती गोष्ट आहे. इंद्रियांच्या पलीकडचं सांगायलाही त्यांना जेवण सोडवलं नाही.

सतराव्या अध्यायात तर जेवण हाच विषय येतो, कारण गीतेनेच तिथे सात्त्विक, राजस आणि तामस आहार सांगितला आहे. गीतेत तीन श्लोकांत आटोपलेलं प्रकरण ज्ञानदेव पसरून वाढतात. राजस माणसाला अन्न किती कढत लागतं, तर वाफेच्या टोकाला वात धरली तर पेटावी इतकं. हे वाक्य वाचताना जीभ भाजते. तामसाचं अन्न अर्धं उकडलेलं नाही तर पार करपलेलं. आणि सात्त्विक अन्नाबद्दल ते जे म्हणतात ते सहाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावं: दिसायला थोडं पण परिणामाला मोठं, जसं गुरूच्या तोंडून निघालेलं अक्षर. तिकडे शब्दाला अन्नाची उपमा, इकडे अन्नाला शब्दाची. त्यांच्या मनात या दोन गोष्टींची जागा अदलाबदल करण्याइतकी जवळ होती.

या अध्यायाशी माझं एक भांडणही आहे. शिळं अन्न तामस, हे गीतेचं मत ज्ञानदेव तसंच उचलतात. सकाळी शिळी भाकर आणि कांदा खाऊन संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या बाईला या वर्गवारीत कुठे बसवायचं? माधुकरीवर जगलेल्या मुलाने इथे थोडं थांबायला हवं होतं असं मला वाटतं. ते गीतेचे टीकाकार होते, हे मान्य. तरी वाटतं.

नवव्या अध्यायाच्या आरंभी मात्र ते पूर्णपणे आपले असतात. मोठ्या श्रोत्यांसमोर आपण बोलायला धजतो आहोत याची क्षमा मागताना ते एक चित्र काढतात. बाप जेवतोय, लहान मूल त्याच्या ताटात शिरतं आणि बापालाच घास भरवायला लागतं, आणि बाप आनंदाने तोंड पुढे करतो. एवढंच. ज्याचा बाप प्रयागच्या पाण्यात गेला त्याने हे लिहिलं आहे, हे कळल्यावर ही उपमा राहत नाही. चरित्र आणि कविता यांचा असा थेट सांधा जोडू नये असं आपल्याला शिकवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. इथे मला तो मोह आवरला नाही.

ज्ञानेश्वरीनंतर अमृतानुभव आला, सुमारे ८०० ओव्यांचा. हा कोणावरची टीका नाही, स्वतःचं म्हणणं आहे, आणि कठीण आहे. मी सगळा समजलो असं म्हणणार नाही. पण त्याच्या नवव्या प्रकरणात इंद्रियांचं भांडण पुन्हा भेटतं, या वेळी पार मिटलेलं. सुगंधच नाक होतो, आवाजाला कान फुटतात, आरसेच डोळे होऊन उठतात. भोगणारा आणि भोग असे दोन उरत नाहीत. चांगदेव या म्हाताऱ्या योग्याला त्यांनी पाठवलेल्या ६५ ओव्यांच्या पत्रातही तेच: चवीने चव चाखावी, उजेडाने उजेड पाहावा, तशी आपली भेट. चांगदेवाने आधी कोरा कागद पाठवला होता आणि त्यावरून मुक्ताई त्याला हसली, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. इंद्रियं मारून टाका असं सांगणारा माणूस शेवटच्या शब्दापर्यंत चवीचा दाखला धरून राहिला नसता. ज्यांनी बैठकीत हसून घेतलं त्यांनी निदान हे प्रकरण उघडून पाहावं.

अभंगांतले ज्ञानदेव अजून मोकळे आहेत. (अभंग लिहिणारे आणि ज्ञानेश्वरी लिहिणारे दोन वेगळे ज्ञानदेव होते, असा वाद शंभरेक वर्षांपूर्वी रंगला होता. बहुतेक लोक आता एकच मानतात, मीही.) त्यांच्या विराण्यांमध्ये प्रियकराची वाट पाहणारी बाई बोलते. ती अंगणातल्या कावळ्याला शकुन विचारते आणि लाच म्हणून दहीभाताचा गोळा, दुधाची वाटी देऊ करते. दुसऱ्या एका विराणीत चंदनाची चोळी, जी थंड लागायला हवी, ती अंग पोळते. लता मंगेशकरांच्या आवाजात या विराण्या आपण इतक्यांदा ऐकल्या आहेत की शब्दांकडे कान जात नाही. एकदा गाणं बंद करून नुसत्या वाचा. थंड वस्तूने भाजणं म्हणजे काय ते त्वचेला कळतं.

ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीला इंद्रायणीच्या काठी संजीवन समाधी घेतली. ज्या गावाने वाळीत टाकलं त्याच गावात. वय जेमतेम एकवीस, किंवा दुसरी जन्मतिथी धरली तर पंचवीस. नामदेव तिथे होते असं परंपरा सांगते आणि त्यांच्या समाधीच्या अभंगांतून त्या दिवसाचं वर्णन आपल्यापर्यंत आलं. वाचताना लक्षात येतं की रडणारे जास्त आहेत आणि जाणारा शांत आहे.

पुढची तीनशे वर्षं ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली गेली आणि उतरवताना लोकांनी आपले शब्द, आपल्या ओव्या घातल्या. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या ताडून शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ ला, शुद्ध प्रत तयार केली. काम संपल्यावर त्यांनी शेवटी एक ताकीद लिहून ठेवली: यात जो कोणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असं समजावं. ताकीद द्यायला एकनाथांनाही ताटच सुचलं. त्यांनी मूळ ग्रंथ किती बारकाईने वाचला होता हे मला या एका ओळीतून जेवढं कळतं तेवढं इतर कशातून नाही.

ज्ञानदेव गेल्यावर वर्षभरात बाकी भावंडंही गेली. सोपानदेव सासवडला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वराला. मुक्ताई, मांड्यांसाठी खापर मागायला गेलेली ती, खानदेशात तापीकाठी मेहूणजवळ नाहीशी झाली. वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली असं सांगतात. जळगाव जिल्ह्यात तिथे आणि कोथळीला तिची मंदिरं आहेत, आणि जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गावही आहे.

तापी उगम पावते मुलताईला. पांढुर्ण्याहून इटारसीच्या गाडीत बसलं की थोड्या वेळात मुलताई येतं. आजी दरवर्षी तिथल्या कुंडावर जायची आणि येताना बाटलीत पाणी आणायची. ते पाणी पुढे मुक्ताईच्या गावावरून जातं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. या उन्हाळ्यात घरी गेलो की सांगणार आहे.